फुलांच्या भाजीसाठी परसात काय लावायचं, हादगा की शेवगा?

बेळगावात नवीन घर बांधणाऱ्या बऱ्याच जणी हे विचारतात, कारण मागं जागा असते एकाच झाडाची आणि मन दोन्हीत अडकलेलं असतं. मी हादगा आमच्या दारात बघत मोठी झाले आणि शेवगा सासरी चिकोडीकडं, त्यामुळं दोन्हींची फुलं निवडून निवडून बोटं हिरवी झाल्यात.

आधी जमीन आणि पाणी बघा, चव नंतर. शेवग्याच्या मुळाशी पाणी साचलं की मूळ कुजतं, संपलं. मी स्वतः हा मूर्खपणा केलाय, मोरीचं पाणी जिथं जातं तिथंच रोप लावलं, पहिल्या पावसात पानं पिवळी पडली आणि गणपतीपर्यंत खोड दाबलं तर मऊ लागायला लागलं. हादग्याला पाणी साचलेलं बरंच सोसतं. त्यामुळं खानापूर, कणकुंबी, जांबोटी या जास्त पावसाच्या पट्ट्यात, किंवा शहरात सखल जागी घर असेल तर हादगा. अथणी, रायबागकडं, जिथं पाऊस कमी, तिथं शेवगा पाण्यावाचूनही तग धरतो.

आता फुलांचं. हादग्याचं फूल मोठं, पांढरं, चोचीसारखं वाकलेलं, दहा-पंधरा फुलं असली की दोघांची भाजी होते. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो, पोरी पाटावरचा हत्ती मांडून हादगा खेळतात, त्याच सुमारास झाडही फुलायला लागतं आणि थंडीत फुलं मिळत राहतात. निवडताना मात्र घाई नको. एकेक फूल उघडायचं, आतला वाकडा दांडा आणि केसर ओढून काढायचं, खालची हिरवी वाटी काढायची. हे राहिलं की जेवताना हमखास कुणीतरी म्हणणार, "भाजी कडू लागायलीय गं." लसूण-मिरचीची फोडणी, कांदा, भिजवलेली हरभरा डाळ, डाळ शिजत आली की फुलं, वर ओलं खोबरं, पाणी अजिबात नाही कारण फुलालाच भरपूर पाणी सुटतं. अख्ख्या फुलाची भजी तर विचारूच नका, बेसनात थोडं तांदळाचं पीठ घाला, आतून मऊ आणि बाहेरून कुरकुरीत होतात.

शेवग्याची फुलं बारीक, मलईच्या रंगाची, जवळ गेलं की मधासारखा वास. थंडी सरता सरता झाड भरतं. पण इथं खरी अडचण आहे, जेवढी फुलं तोडाल तेवढ्या शेंगा गेल्या. म्हणून सासूबाई फुलं तोडतच नसत, रात्री झाडाखाली जुनं लुगडं पसरायचं आणि सकाळी पडलेली गोळा करायची, मुंग्या झटकून, दोन पाण्यात धुऊन. एक उकळी देऊन पिळून घेतली की तुरटपणा जातो, मग कांदा आणि पीठ पेरून ज्वारीच्या भाकरीबरोबर, नाहीतर थालीपिठात.

तब्येतीचं म्हणाल तर हादग्याच्या 100 ग्रॅम कच्च्या फुलांत साधारण 73 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, कॅलरी फक्त 27, आणि फोलेटही चांगलं. वाफवल्यावर तेच क जीवनसत्त्व 37 वर येतं, म्हणून भाजी फार वेळ शिजवत ठेवू नका. शेवग्याची खरी ताकद फुलापेक्षा पाल्यात आणि शेंगेत आहे, 100 ग्रॅम पाल्यात 9 ग्रॅमच्या वर प्रोटीन, शेंगेत क जीवनसत्त्व 141 मिलिग्रॅम. म्हणजे फक्त फुलांसाठी हादगा सरस, पण घराला रोज काहीतरी देणारं झाड हवं तर शेवगा. कुणी बीपी-शुगर उतरते म्हणून औषधासारखं खा म्हणालं तर तसं करू नका, चालू गोळ्या तर अजिबात सोडू नका. आणि गरोदर बाईला शेवग्याच्या सालीचा किंवा मुळाचा काढा कधीच देऊ नका.

सांभाळायला शेवगा सोपा वाटतो, दरवर्षी छाटला की हाताशी येतो आणि परत फुटतो, तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची पीकेएम-१ किंवा बागलकोटच्या बागायत विद्यापीठाची भाग्या ही जात घेतली तर फळ लवकर. पण केसाळ अळ्या! पावसाळ्यात खोडावर घोळक्यानं बसतात आणि अंगाला लागल्या तर आग होते, लहान पोरं असतील तर झाड दारापासून लांबच बरं. हादगा सरळ उंच वाढतो, वारंवार छाटलेलं त्याला मानवत नाही, आयुष्यही कमी आणि वाऱ्यात फांद्या मोडतात, म्हणून वायरी किंवा कौलांजवळ नको. खाली पडलेला पाला मात्र शेळ्या आवडीनं खातात, आणि शेंगवर्गी झाड असल्यानं जमिनीला नत्र मिळतं ते वेगळंच.

रोप-बी आणताना एक सांगते. कन्नडमध्ये हादग्याला अगसे म्हणतात आणि जवसालाही जवळजवळ तेच, त्यामुळं बाजारात नुसतं अगसे मागितलं तर दुकानदार चटणीचं जवस पुढं करतो. "भाजीच्या फुलाचं झाड" असं सांगून मागा. मी असते तर बेळगाव शहरात आणि खानापुराकडं हादगा लावला असता, मृगाच्या पहिल्या पावसात बी टोकून, आणि शेवग्याची फुलं चिकोडीच्या सासरहून पिशवीतून येत राहिली असती.