स्टिकरखालची पाटी

गेल्या मे महिन्यात माझे २६० पौंड गेले. त्यावर रेग्युलेटर, नळी, सिलिंडर आणि दोन खेपांचं पेट्रोल धरलं तर आकडा साडेतीनशेच्या घरात जातो. घरी आता हा विषय निघाला की सगळे हसतात. मला अजून तितकंसं हसू येत नाही. इंग्लंडात एप्रिल संपताना दोन दिवस ऊन पडलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांना बागेसाठी गॅसचा बार्बेक्यू हवासा वाटतो आणि मग जो तो फोनवर जाहिराती चाळत बसतो. मीही तसाच बसलो होतो, म्हणून जे झालं ते सगळं लिहितोय.

निमित्त वांग्याचं होतं. रेडिंगला आम्ही नवं घर घेतलं, त्यात गॅस नाहीच, इंडक्शनची काळी काच. जूनमध्ये आई साताऱ्याहून येणार होती. आदल्या वर्षी तिने ओव्हनमध्ये वांगं भाजून बघितलं होतं आणि "हे उकडलंय रे, भाजलेलं नाही" म्हणून बाजूला सारलं होतं. कोळशाचा बार्बेक्यू घ्यावा, तर तो धगायला अर्धा तास आणि शेजारणीचे कपडे कायम वाळत घातलेले. त्यामुळे गॅसचाच घ्यायचा ठरलं.

मी पेशाने आयटीवाला, म्हणजे एक्सेल शीट आलीच. बर्नर किती, किलोवॅट किती, जाळी बिडाची की साध्या सळ्यांची, हमी किती वर्षांची, सगळे रकाने भरले. आठवडाभर हा अभ्यास चालला. शेवटी भुललो कशाला, तर शीटमध्ये कुठेच नसलेल्या एका जाहिरातीला. चार बर्नर, बाजूला वेगळी शेगडी, अंग ३०४ स्टेनलेस स्टीलचं, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या महागड्या जातीचं, शोरूममध्ये मांडलेला पण कधीच न पेटवलेला, मूळ किंमत ६४९, आता फक्त ३००. फोटो झकास होते.

अर्ध्या तासावरच्या एका औद्योगिक वसाहतीत गाळा होता. अर्धं शटर वर, आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सहा-सात बार्बेक्यू. माणूस पन्नाशीचा, बोलायला गोड. माझे दोन शब्द ऐकले आणि इंग्रजी सोडून हिंदीत शिरला. "भाईसाहब, आप अपने हो, आप से क्या कमाना, २६० में ले जाओ." कागदी कपात चहा दिला, वेलची घातलेला. परदेशात पंधरा वर्षं काढली तरी वेलचीचा वास आला की माणूस सैल होतो, त्याला काय करणार.

झाकण उघडून त्याने जाळी माझ्या हातात दिली. "वजन देखो." खरंच चांगली जड, बिडाची. बटण दाबून ठिणगी दाखवली, टक टक टक. गॅस लावून दाखवा म्हटलं, तर गाळ्यात सिलिंडर ठेवायला विमावाले परवानगी देत नाहीत म्हणाला. पटलं. खालच्या कपाटाच्या दाराला आतून एक मोठा पांढरा स्टिकर होता, त्यावर मार्करने लिहिलेला नंबर आणि किंमत. तोही मी पाहिला. किंमत लिहायला एवढा तळहाताएवढा स्टिकर कशाला, आणि तो बाहेर सोडून आत कशाला, हे डोक्यात आलंच नाही.

माझ्या खिशात फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक होता. ३०४ स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, स्वस्तातल्या ४३० ला टपकन चिकटतो, हे वाचून मुद्दाम घेऊन गेलो होतो. पण त्याचा चहा पिता पिता त्याच्याच मालाला चुंबक लावून बघायचा, हे मला जमलं नाही. भीड ही भिकेची बहीण, हे आजी का म्हणायची ते तिथे कळलं असतं तर स्वस्तात सुटलो असतो.

मग पैसे. कार्डाचं मशीन "आज ही खराब हुआ". बँकेतून थेट पाठवा म्हणाला. ॲपमध्ये खातेक्रमांक घातला, तर समोर सूचना आली की दिलेलं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही. दुकानाचं नाव वेगळं, खातं कुणा बाईंच्या नावावर. "वाइफ का अकाउंट है," तो हसत म्हणाला. बायकोच्या नावावर खातं असणं हा काही गुन्हा नाही, असं मीच मला समजावलं आणि 'पुढे' दाबलं. ज्या माणसाने दहा वर्षं ऑफिसात लोकांना फिशिंगचं, म्हणजे ऑनलाइन फसवणूक ओळखायचं, ट्रेनिंग दिलंय, त्याने.

घरी आणून प्लास्टिक काढलं. स्क्रूंच्या डोक्यांवर पाना फिरल्याच्या खुणा होत्या. न वापरलेल्या वस्तूचे स्क्रू एकदाच आवळलेले असतात, हे असे ओरबाडलेले नसतात. मग तेल गळायचा ट्रे ओढला. मागच्या कोपऱ्यात तपकिरी थर होता, नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला. वास घेतला आणि ट्रे तिथेच ठेवला. कुणाच्या तरी सॉसेजची, कधीची कोण जाणे, चरबी. बायको म्हणाली, "अरे, हे उष्टं-खरकटं आहे. आईंना सांगू नकोस." पुढे ते आईला सांगावं लागलंच.

सोबत पिशवीत एक निळा रेग्युलेटर दिला होता. इथला गोंधळ आपल्या लोकांना कळायला वेळ लागतो, कारण आपल्याला घरचा लाल सिलिंडर तेवढा माहीत. इथे निळ्यात ब्युटेन, लाल आणि हिरव्यात प्रोपेन. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळतं, त्यामुळे बाहेर ठेवायला प्रोपेन बरं. बागेसाठी विकतात तो हिरवा सिलिंडर प्रोपेनचा, त्याला २७ मिलिमीटरचा, ३७ मिलिबार दाबाचा रेग्युलेटर बसतो. मला दिलेला २१ मिलिमीटरचा, २८ मिलिबारचा, ब्युटेनचा. तो हिरव्यावर बसतच नाही. चुकून दिला असेल म्हणून मी दुकानातून दुसरा आणला, १३ किलोचा हिरवा सिलिंडरही आणला.

आता एक काम मात्र मी केलं, त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतो. पेटवण्याआधी भांड्यांच्या साबणाचा फेस करून ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावला, बर्नरची बटणं बंद ठेवून सिलिंडर उघडला आणि गुडघ्यावर बसून पाहत राहिलो. नळीच्या टोकाशी फेस हलला. आधी मोहरीएवढा बुडबुडा, मग वाटाण्याएवढा, मग फुटला आणि त्याच जागी दुसरा. सिलिंडर बंद केला. नळी हातात धरून फिरवली तर तिच्यावर छापलेलं साल होतं २०१७. "कधीच न पेटवलेल्या" मालाची नळी आठ वर्षांची! वाकवली तर बारीक भेगा दिसल्या.

नवी नळी, नवे क्लिप. पुन्हा फेस. आता नळी ठीक, पण तिसऱ्या बटणाच्या दांड्याशी बुडबुडे. तिथेच थांबायला हवं होतं. मी तिसरं बटण हलवायचं नाही असं ठरवून पहिलं पेटवलं. हा मूर्खपणा होता, कुणी करू नये. ज्योत आली, पण मलूल. दहा मिनिटं झाकण लावून ठेवलं तरी झाकणावरचा तापमानाचा काटा रेंगाळत होता. वांगं ठेवलं असतं तर पुन्हा उकडलंच असतं.

त्या रात्री बायकोचा हेअर ड्रायर घेऊन तो पांढरा स्टिकर सोडवला. खाली अर्ध्या पोस्टकार्डाएवढी चंदेरी पाटी. गॅसवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणावर अशी पाटी असते, आणि बार्बेक्यू घेताना बर्नर मोजायच्या आधी वाचायची गोष्ट ती. तिच्यावर सीई (युरोपची) किंवा यूकेसीए (ब्रिटनची) अशी सुरक्षेचे नियम पाळल्याची खूण आणि जवळच तपासणाऱ्या संस्थेचा चार आकडी क्रमांक असतो. पुढे ज्या देशांसाठी उपकरण बनवलंय त्यांची अक्षरं असतात आणि त्यासमोर गॅसचा प्रकार आणि दाब. ब्रिटनसाठी 'जीबी' हवं आणि दाब २८-३०/३७ असा, निदान ३७ तरी. माझ्या पाटीवर होतं डीई, एटी, सीएच. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड. दाब ५० मिलिबार.

म्हणजे काय, तर जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोकं ५० च्या दाबाला बेतलेली, तेवढी बारीक. ३७ वर गॅस कमी येणार. आपल्याकडे पाइपचा गॅस आला तेव्हा मिस्त्री येऊन शेगडीचे जेट बदलून जायचा, त्याची आठवण झाली. एका मित्राने "भोकं ड्रिलने मोठी कर की" असा सल्लाही दिला. आधीच गळणाऱ्या, इथल्यासाठी न तपासलेल्या वस्तूत मी भोकं पाडणार नव्हतो. ही वस्तू तिकडे कुणीतरी घेतली, वापरली, परत केली किंवा टाकली. अशा परत आलेल्या मालाचे गठ्ठे लिलावात निघतात आणि छोटे व्यापारी ते उचलतात. तो धंदा कायदेशीर आहे. स्टिकर मात्र कुणीतरी विचार करून लावला होता.

तीन रात्री पाऊस पडला. झाकणाच्या रिव्हेटांखाली तपकिरी ओघळ आले. आता निवांतपणे गणपती लावून पाहिला, घट्ट बसला. अर्थात ४३० वाईटच असतं असं नाही, चुंबकाची परीक्षाही पक्की नाही. वाकवलेल्या ठिकाणी ३०४ लाही तो थोडा ओढला जातो. पण ३०४ म्हणून ४३० विकणं ही लबाडीच.

फोन केला. "भाईसाहब, बिल्कुल बदल देंगे, गुरुवार को आ जाओ." गुरुवारी शटर बंद. पुढच्या सोमवारी "अभी बाहर हूँ". मग फोन उचलणं थांबलं, मग माझा नंबर ब्लॉक. शेजारच्या गाळ्यातला टायरवाला म्हणाला, महिन्याच्या भाड्याने घेतला होता, गेला. पावतीवरचं कंपनीचं नाव मी तेव्हा कुठे कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत शोधलं. ते फुकट आणि दोन मिनिटांचं काम. त्या नावाची कंपनीच नव्हती.

बँकेत तक्रार केली. थेट खात्यावर पाठवलेले पैसे फसवणुकीने गेले तर बँकांनी भरून द्यायचे, असा नियम इथे ऑक्टोबर २०२४ पासून आहे, त्याच्या भरवशावर होतो. बँकेने विचारलं, वस्तू मिळाली का? मिळाली. मग ही फसवणूक नाही, विकणारा आणि घेणारा यांच्यातला दिवाणी वाद आहे. म्हणजे त्याने मला रिकामं खोकं दिलं असतं तर माझी बाजू भक्कम झाली असती!

सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर, ०८०८ २२३ ११३३, एक बाई शांतपणे सगळं ऐकून घेत होत्या. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याने सदोष माल दिला तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पण मागायचे कुणाकडे? छोट्या दाव्याची कोर्ट फी ३०० पौंडांपर्यंत ३५ पौंड, ती मी भरली असती, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. त्यांनी माहिती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातली लबाडी तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, पाठवली. शेवटी त्यांनी विचारलं, "क्रेडिट कार्डाने का नाही दिलेत?" १०० पौंडांच्या वरची आणि ३०,००० पर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली असती, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्डवाली बँकही व्यापाऱ्याइतकीच जबाबदार धरता आली असती. तो गायब झाला तरी. 'मशीन खराब आहे' हे वाक्य का बोललं गेलं, ते त्या प्रश्नानंतर लख्ख कळलं.

आई आली. नवा बार्बेक्यू दोनच बर्नरचा, दुकानातून, क्रेडिट कार्डाने घेतला. चौघांच्या घराला चार बर्नर लागतच नव्हते. घेण्याआधी मी दुकानात फरशीवर बसून, मोबाइलचा दिवा लावून खालची पाटी वाचली, चुंबक लावला, नळीवरचं साल पाहिलं. काउंटरवरचा पोरगा बघत होता. आई ट्रॉली धरून उभी होती, तिला संकोच वाटला आणि ती जरा लांब जाऊन कुंड्या बघायला लागली.

जुनं धूड कौन्सिलच्या भंगारात नेऊन टाकायला गाडीत चढवत होतो तेव्हा तिने जाळीचे तुकडे बाहेर काढले. "बीड चांगलंय, हे नको टाकू." मी चरबीचं सांगितलं. तिने तोंड वाकडं केलं, मग दोन दिवस जाळी सोड्याच्या गरम पाण्यात घातली, घासली, तेल लावून नव्या बार्बेक्यूवर लालबुंद होईस्तोवर तापवली, पुन्हा घासली. तीनपैकी एक तुकडा नव्यावर नेमका बसतो. वांगं त्याच्यावरच भाजतो आम्ही. वजनाचं तेवढं तो खरं बोलला होता.