मोटरहोमने युरोप फिरताना मुक्कामाची जागा: ॲप, सवलत कार्ड आणि फोन यांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मोटरहोम (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन युरोपात फिरायला निघणाऱ्याला गाडीचा विमा, टोल आणि प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रांचे स्टिकर यांची माहिती सहज मिळते. रात्री गाडी नेमकी कुठे उभी करायची, हा प्रश्न मात्र एकदा सोडवला की संपत नाही. तो रोज दुपारी पुन्हा समोर येतो आणि देश बदलला की त्याचे नियमही बदलतात. वसंतापासून शरदापर्यंत आम्ही पती-पत्नींनी जर्मनी, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, उत्तर इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया असा प्रवास केला. आमची गाडी सात मीटरांहून थोडी लांब आणि साडेतीन टनांच्या आतली आहे. मधले काही आठवडे माझे मेहुणे त्यांची कॅरव्हॅन (मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) घेऊन सोबत होते. त्यामुळे जे साधन एका वाहनाला उपयोगी पडते ते दुसऱ्याला कितपत पडते, हेही जवळून पाहता आले.

सगळ्यात आधी हाच फरक सांगतो, कारण तो बहुतेक वर्णनांत नीट मांडलेला नसतो. जर्मनीतले ‘श्टेलप्लाट्स’ किंवा फ्रान्समधले मोटरहोमसाठीचे ‘एअर’ म्हणजे नगरपालिकेने वा खासगी मालकाने राखलेले साधे वाहनतळ असतात. तेथे पाणी भरण्याची, सांडपाणी सोडण्याची आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय असते, कधी वीजही मिळते. आरक्षण बहुधा लागत नाही आणि पैसे यंत्रात भरायचे असतात. मात्र यांपैकी बहुसंख्य ठिकाणी कॅरव्हॅनला प्रवेश नसतो. म्हणजे ॲपच्या नकाशावर एखाद्या गावाभोवती ठिपक्यांची गर्दी दिसली तरी कॅरव्हॅन ओढणाऱ्यासाठी त्यांतले मोजकेच खरे असतात. शिवाय फ्रान्समधल्या कित्येक नगरपालिका कॅम्पसाइट दुहेरी आसाच्या कॅरव्हॅन घेत नाहीत. ज्यांच्याकडे कॅरव्हॅन आहे त्यांनी ॲप उघडताच वाहनाच्या प्रकाराचा फिल्टर लावावा आणि ज्या ॲपमध्ये तो फिल्टर नाही त्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅम्पसाइटसाठी आमचा मुख्य आधार एसीएसआय या डच संस्थेची सूची आणि तिचे सवलत कार्ड हा होता. ही संस्था १९६५ साली एका डच शिक्षकाने सुरू केली, आणि तिच्या मुळाशी प्रश्न होता तो आपलाच: दूरवर गाडी चालवत जावे आणि कॅम्पसाइट भरलेली निघावी. संस्थेचे निरीक्षक सूचीतल्या कॅम्पसाइट दरवर्षी स्वतः जाऊन पाहतात, आणि या गोष्टीचा फायदा वापरताना जाणवतो. जागेचा आकार, विजेचे अँपिअर, स्नानगृहांची संख्या, कुत्र्याला परवानगी, हंगाम कोणत्या तारखेला उघडतो आणि बंद होतो, ही माहिती एकाच साच्यात मांडलेली असल्यामुळे दोन ठिकाणांची तुलना खरोखर करता येते.

सवलत कार्डाचे तत्त्व साधे आहे. कमी गर्दीच्या काळात सहभागी कॅम्पसाइट दोन प्रौढांसाठी एक ठरावीक दर लावतात, ज्यात जागा, वीज, शॉवर आणि एक कुत्रा धरलेला असतो. पर्यटन-कर बहुधा वेगळा द्यावा लागतो. तिसरी व्यक्ती असली की तिचे पैसेही वेगळे पडू शकतात, त्यामुळे मोठ्या मुलांसह फिरणाऱ्या कुटुंबाला हे कार्ड आमच्याइतके फायद्याचे ठरेलच असे नाही. आम्हा दोघांच्या बाबतीत कार्डाची किंमत पहिल्या काही मुक्कामांतच वसूल झाली. तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘कमी गर्दीचा काळ’ म्हणजे सरसकट जुलै-ऑगस्ट सोडून उरलेले वर्ष असे नाही. वसंतातल्या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्यांतही गर्दी होते. येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येतो आणि त्याला जोडून शुक्रवारची सुट्टी घेण्याची पद्धत आहे. त्या गुरुवारनंतर दहा दिवसांनी पेंटेकॉस्ट या सणाचा रविवार येतो. या दिवसांत अनेक कॅम्पसाइट कार्ड स्वीकारत नाहीत. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्यांत पेंटेकॉस्टला शाळांना सुमारे दोन आठवडे सुट्टी असते, आणि त्याचा परिणाम थेट इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत पोचतो. लाझीझे आणि बार्डोलिनो या गावांभोवती त्या काळात जागा मिळणे ऑगस्टइतकेच कठीण होते. प्रत्येक कॅम्पसाइटच्या पानावर सवलतीच्या नेमक्या तारखा छापलेल्या असतात आणि त्या वाचल्याशिवाय मार्ग ठरवण्यात अर्थ नाही.

दुसरे साधन म्हणजे वापरकर्त्यांनीच भरलेले नकाशे. पार्कफोरनाइट हे मूळचे फ्रेंच ॲप आणि डच मोटरहोम संघटनेचे कॅम्परकॉन्टॅक्ट, ही दोन्ही आम्ही रोज उघडत होतो. एका रात्रीच्या थांब्यासाठी यांना पर्याय नाही. जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठाने जाताना द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी गावोगाव जे श्टेलप्लाट्स लागतात त्यांची माहिती, पाण्याच्या नळाला कोणते नाणे लागते इथपर्यंत, या नकाशांवर मिळते. (एक युरो आणि पन्नास सेंटची नाणी वेगळ्या डबीत जमवत राहावीत, पैसे भरण्याचे यंत्र कार्ड घेते असे लिहिलेले असले तरी पाण्याचा नळ बऱ्याचदा नाणेच मागतो.)

मात्र या नकाशांवरची माहिती वाचण्याची एक रीत आहे आणि ती उमगायला आम्हाला काही आठवडे लागले. मिळालेल्या तारकांची सरासरी जवळपास निरुपयोगी आहे. पाहायची ती शेवटच्या अभिप्रायाची तारीख, अभिप्राय देणाऱ्याचे वाहन आणि महिना. छोट्या व्हॅनमधून आलेल्या माणसाला जो रस्ता सोपा वाटतो तोच सात मीटरच्या गाडीला वळणावर अडवतो. एप्रिलमध्ये ‘अतिशय शांत’ असलेली जागा जुलैत समुद्रस्नानासाठी आलेल्यांच्या गाड्यांनी भरून जाते. एका ॲपवर उत्तम म्हणून नोंदलेल्या किनाऱ्यालगतच्या वाहनतळावर आम्ही पोचलो तेव्हा प्रवेशावर उंची अडवणारा आडवा लोखंडी दांडा बसवलेला होता. तीन आठवड्यांपूर्वीच्या अभिप्रायात त्याचा उल्लेख होता, पण जुन्या कौतुकाच्या गर्दीत तो खाली गेला होता. तेव्हापासून अभिप्राय नेहमी तारखेच्या क्रमानेच लावून वाचावेत, हा आमचा नियम झाला.

जागा नकाशावर आहे म्हणजे तेथे रात्री राहणे कायदेशीर आहे, असेही समजू नये. जर्मनीत सार्वजनिक वाहनतळावर, स्थानिक मनाई नसेल तर, पुढे गाडी चालवण्याइतकी विश्रांती मिळावी म्हणून एक रात्र थांबता येते, पण खुर्च्या-टेबल बाहेर काढता येत नाहीत. स्पेनमध्ये गाडी उभी करणे आणि तळ ठोकणे यांत फरक केला जातो. चाकांखेरीज काहीही जमिनीला टेकलेले नसेल, सावलीचे छत बाहेर काढलेले नसेल आणि पाणी बाहेर सोडलेले नसेल तर ती गाडी उभी केलेली मानली जाते, तरीही त्यावर नगरपालिकांचे स्वतःचे नियम असू शकतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये नियम बदलले. संरक्षित निसर्गक्षेत्रांत आणि किनारपट्टीच्या नियोजन-क्षेत्रांत ठरवून दिलेल्या जागांखेरीज मुक्कामाला मनाई आहे, आणि इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांची मर्यादा आहे. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियात अधिकृत जागेबाहेर तळ ठोकल्यास दंड होतो, आणि स्लोव्हेनियातल्या सोचा नदीच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी त्यावर खरोखर लक्ष ठेवले जाते. मला हे नियम योग्यच वाटतात. ज्या खोऱ्याचे पाणी पाहण्यासाठी माणसे एवढ्या दूर येतात, तेथे शेकडो गाड्यांच्या टाक्या कुठेही रिकाम्या होऊ देणे परवडणारे नाही. महामार्गावरच्या विश्रांतिस्थळांवर रात्र काढणे आम्ही सगळीकडेच टाळले, कारण तेथे चोरीचा धोका खरा आहे.

जागा मिळेल की नाही हे कोणत्याही ॲपपेक्षा पोचण्याच्या वेळेवर अधिक ठरते, असे आता मला वाटते. कॅम्पसाइटवरून निघण्याची वेळ साधारण सकाळी दहा ते दुपारी बारा अशी असते, म्हणजे जागा मोकळ्या होतात त्या याच वेळात. फ्रान्समधल्या लहान कॅम्पसाइटचे कार्यालय बारा ते दोन बंद असते, तर जर्मनीत अनेक ठिकाणी एक ते तीन ही दुपारच्या शांततेची वेळ असून त्या काळात फाटक उघडत नाही. साडेअकराच्या सुमारास दारात असलेल्या माणसाला जे मिळते ते पाच वाजता येणाऱ्याला बहुधा मिळत नाही. म्हणून लांबचा टप्पा असेल त्या दिवशी आम्ही वाटेतल्या श्टेलप्लाट्सवर झोपायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला थोडा रस्ता कापून कॅम्पसाइट गाठायचो. काही फ्रेंच नगरपालिका कॅम्पसाइटवर तर दुपारी कोणीच नसते. मोकळ्या जागेवर गाडी लावायची आणि संध्याकाळी पैसे घ्यायला कर्मचारी येतो. ही पद्धत मला फार आवडली.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरपर्यंत हे गणित बदलते. तेव्हा ऑनलाइन आरक्षणाची संकेतस्थळे ‘जागा शिल्लक नाही’ असे दाखवू लागतात, पण त्याचा अर्थ कॅम्पसाइट भरली आहे असा घेऊ नये. अनेक मालक आपल्या काहीच जागा अशा संकेतस्थळांकडे देतात. शिवाय किनाऱ्यावरच्या मोठ्या कॅम्पसाइट त्या काळात आठवड्याखाली आरक्षण घेत नाहीत, त्यामुळे एका-दोन रात्रींसाठी शोध घेतला की उत्तर आपोआप नकारार्थी येते. सकाळी नऊच्या सुमारास थेट फोन करून ‘आज दोन रात्रींसाठी सात मीटरच्या मोटरहोमला जागा आहे का’ एवढे विचारले की, दोन आरक्षणांच्या मधली मोकळी जागा कित्येकदा मिळते. आद्रियाटिक समुद्रावरच्या इस्त्रिया द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर ऐन ऑगस्टमध्ये आम्हाला याच पद्धतीने मुक्काम मिळाला. शेंगेन व्हिसावर येणाऱ्यांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा असल्याने त्यांना सगळे मुक्काम आधीच पक्के करण्याचा मोह होतो. ऐन हंगामातला समुद्रकिनारा सोडला तर त्याची गरज नाही. पक्क्या आरक्षणांच्या साखळीमुळे हवामान बिघडले तरी मार्ग बदलता येत नाही, हा तोटा मोठा आहे.

विजेबाबत सूचीतला अँपिअरचा आकडा नीट पाहावा. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट. २,००० वॉटची किटली लावली की फ्यूज उडणारच, आणि तो पुन्हा चालू करणाऱ्या पेटीची किल्ली कार्यालयात असते. आम्ही कमी वॉटची किटली घेतली आणि विजेचा हीटर चालू असताना दुसरे काही लावायचे नाही असे ठरवले. निळ्या तीन पिनांचा प्लग बहुतेक ठिकाणी चालतो, पण फ्रान्समधल्या जुन्या कॅम्पसाइटवर घरगुती सॉकेट आढळतात, त्यासाठी ॲडॅप्टर आणि लांब केबल हवी.

एक गोष्ट कोणतीही सूची पुरेशी सांगत नाही, ती म्हणजे आवाज. ऱ्हाइन नदीच्या कोब्लेन्झ ते बिंगन या देखण्या टप्प्यात दोन्ही काठांवरून रेल्वे जाते आणि मालगाड्या रात्रभर धावतात. तेथल्या कॅम्पसाइटवरून दिसणारे दृश्य अप्रतिम आहे, परंतु झोप हलकी असणाऱ्याने तेथे जाऊ नये. तारांकित वर्गवारी सोयींची असते, शांततेची नसते. म्हणून जागा नक्की करण्यापूर्वी आम्ही उपग्रह-नकाशावर ती मोठी करून पाहतो: रेल्वेमार्ग किती जवळ आहे, प्रवेश कोणत्या बाजूने आहे, शेवटच्या वळणावर गाडी फिरेल का, सौरपॅनेलवर झाडांची सावली पडेल का. जीपीएसचा बिंदू पुष्कळदा प्रवेशद्वाराऐवजी भूखंडाच्या मध्यावर असतो, हेही तेव्हाच लक्षात येते. नकाशे आधी उतरवून ठेवणे आवश्यक आहे. आल्प्सच्या दऱ्यांत नेटवर्क जाते, आणि स्वित्झर्लंडला युरोपीय संघाचा रोमिंगचा नियम लागू नसल्याने तेथे नुसते नकाशे पाहणेही महाग पडू शकते.

मोटरहोमधारकांनी फ्रान्समध्ये जाताना फ्रान्स पॅसिओं या योजनेचे वार्षिक सदस्यत्व अवश्य घ्यावे. द्राक्षमळे, शेते आणि चीज बनवणारे लहान उत्पादक आपल्या आवारात २४ तासांपर्यंत विनामूल्य उभे राहू देतात. गाडीत स्वतःचे शौचालय आणि सांडपाण्याची टाकी हवी, आणि पोचल्यावर यजमानांना भेटून मगच गाडी लावावी. खरेदीची सक्ती नसते. आम्ही मात्र प्रत्येक ठिकाणी काही ना काही घेतले, कारण तेथली वाइन आणि चीज खरोखर चांगले होते.

आता आम्ही स्वतःही अभिप्राय लिहितो, आणि त्यात सूर्यास्ताचे वर्णन करत नाही. तारीख, गाडीची लांबी, विजेचे अँपिअर, जमिनीचा उतार, पावसानंतर चाके रुततात का, रात्री आवाज कशाचा येतो आणि कॅरव्हॅन आत येऊ शकते का, एवढेच लिहितो. जंगलातल्या किंवा एखाद्या तळ्याकाठच्या नाजूक जागा नकाशावर नव्याने टाकत नाही. जागा बंद झाली असेल तर ती नोंद मात्र त्याच संध्याकाळी करतो, म्हणजे मागून येणाऱ्याला अंधारात गाडी मागे घ्यावी लागत नाही.