कॅटॅलिस्ट, अरुबा सीएक्स, ज्युनिपर की मेराकी? सांभाळणाऱ्याच्या नजरेतून स्विचची निवड

पंचवीस-तीस नेटवर्क स्विच (संगणक आणि इतर यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारी उपकरणं), निम्मे पुण्याच्या ऑफिसात, निम्मे चाकणच्या प्लँटमध्ये, आणि सांभाळायला दोन माणसं. अशा ठिकाणी कोटेशनं आली की आधी पोर्ट (केबल लावायच्या जागा) आणि पीओई (त्याच केबलमधून वीज देण्याची सोय) मोजले जातात. पण सिस्को कॅटॅलिस्ट ९३००, अरुबा सीएक्स ६३०० आणि ज्युनिपर ईएक्स४१०० यांच्यात तिथे डावं-उजवं करणं कठीण आहे. खरा फरक पडतो तो रोज चालवताना.

एसएनएमपी (स्विचची स्थिती दुरून वाचणं), सिसलॉग (घटनांच्या नोंदी पाठवणं), एलएलडीपी (शेजारी कोणतं उपकरण जोडलंय ते कळणं), पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्यावर पाठवणं) हे सगळ्यांत मिळतं, त्यावर मीटिंग घालवू नका. एवढंच बघा की एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरली जातेय. दुसरीत कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिचा पासवर्डच, वायरवरून उघडी जाते. आणि मॉनिटरिंगमध्ये ६४ बिटी काउंटर (किती डेटा गेला ते मोजणारे आकडे) निवडा. पूर्ण भरलेल्या १ गिगाबिट लिंकवर ३२ बिटी काउंटर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. मग दर पाच मिनिटांनी वाचून काढलेला ग्राफ काहीही दाखवतो आणि बोल लागतो स्विचला.

माझ्या मते निर्णय फिरायला हवा तो दुसऱ्याच प्रश्नावर: दूरच्या स्विचवर चूक झाली तर काय? अपलिंकच्या ट्रंकमधून (स्विचला बाकी नेटवर्कशी जोडणाऱ्या लिंकमधून) मॅनेजमेंटचं व्हीलॅन (स्विच सांभाळण्यासाठी वेगळं ठेवलेलं आभासी नेटवर्क) काढलं गेलं की आपलंच कनेक्शन तुटतं. मग थेट स्विचला लावायची कन्सोल केबल घेऊन चाकणच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचं.

इथे ज्युनिपर सरस आहे. बदल आधी बाजूला तयार होतात, कमिट केल्यावरच लागू होतात. ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं आणि १० मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही, तर स्विच आपणहून जुन्या कॉन्फिगवर (सेटिंग्जवर) परततो. शिवाय मागच्या ४९ कॉन्फिगपर्यंत रोलबॅक करता येतं. अरुबाचं ‘चेकपॉइंट ऑटो’ जवळपास हेच करतं, फक्त बदलापूर्वी ते आठवणीने द्यावं लागतं. कॅटॅलिस्टमध्ये रिव्हर्ट टायमर (ठरल्या वेळेत खातरजमा केली नाही तर बदल मागे घेणारा) आहे, पण त्यासाठी आर्काइव्हची (जुन्या कॉन्फिगच्या प्रती साठवण्याची) सोय आधी करून ठेवावी लागते. ती नसली की लोक जुन्या ‘रीलोड इन’वर (न साठवलेले बदल ठरल्या वेळी पुसून टाकणाऱ्या कमांडवर) येतात. त्याने काम होतं, पण अख्खा स्विच रीबूट होतो. लाइन चालू असताना प्लँटवाले हे ऐकून घेणार नाहीत.

ट्रॅफिक कोण खातंय हे शोधायचं असेल तर मात्र पारडं फिरतं. कॅटॅलिस्टच्या नेटफ्लो या सोयीत फ्लोगणिक, म्हणजे कोण कोणाशी बोललं त्या प्रत्येक संवादाची, नोंद मिळते. अरुबा आणि ज्युनिपरमधलं एसफ्लो ठरावीक पॅकेटांमागे एखादं उचलून अंदाज बांधतं. कल बघायला ते पुरेसं आहे, पण एखाद्या मशीनने रात्री बाहेर दोन-चार पॅकेट पाठवली का, हे त्यातून निसटू शकतं. सुरक्षेची टीम अशी विचारपूस करणारी असेल तर कॅटॅलिस्ट घ्या, आणि हवी ती सोय नेमक्या कोणत्या लायसन्समध्ये बसते ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

अरुबाची खासियत म्हणजे नेटवर्क अ‍ॅनालिटिक्स इंजिन. स्विचच्या आतच टाइम-सीरिज डेटाबेस (वेळेनुसार आकडे साठवणारा) आणि पायथन स्क्रिप्ट चालतात. मर्यादा ओलांडली की स्विच स्वतः कमांड चालवून त्या क्षणाची माहिती जमा करून ठेवतो. वेगळा मॉनिटरिंग सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल तर ही मोठी सोय आहे. सिस्कोच्या ईईएममध्येही (एम्बेडेड इव्हेंट मॅनेजर) घटना घडली की कृती होते, पण आलेख आयता मिळत नाही.

मेराकीची गोष्ट वेगळी. सगळं क्लाउड डॅशबोर्डवरून, पॅकेट कॅप्चरसुद्धा (ट्रॅफिक पकडून तपासणं) ब्राउझरमधून. इंटरनेट गेलं तरी स्विच चालत राहतो, फक्त डॅशबोर्डवरून बदल करता येत नाहीत. मात्र को-टर्मिनेशन लायसन्सची (ज्यात सगळ्या उपकरणांची मुदत एकाच तारखेला संपते) मुदत संपली तर ३० दिवसांच्या सवलतीनंतर नेटवर्क बंद पडू शकतं. नूतनीकरणाची फाइल महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहणाऱ्या संस्थेने मेराकीच्या वाटेला जाऊ नये. नेटवर्कचा माणूसच नाही, पण अकाउंट्स विभाग वक्तशीर आहे, अशा ठिकाणी ते छान चालतं.

सुरुवातीला सांगितलेल्या पुणे-चाकण मांडणीला मी ज्युनिपर घेईन. दोघांपैकी एकाचाही हात सिस्कोवर पक्का बसलेला असेल, तर कॅटॅलिस्ट घेऊन पहिल्याच दिवशी आर्काइव्ह चालू करीन.