रेकॉर्डच्या फोटोत चिठ्ठीला सावली नव्हती

१९३ डॉलर गेले. १८५ रेकॉर्डचे आणि ८ टपालाचे. आकडा मुद्दाम सांगतोय, कारण ज्याच्या ज्याच्याकडे तक्रार घेऊन गेलो त्याने "एवढेच ना?" असा चेहरा केला.

रेकॉर्ड होती जॅझ सॅक्सोफोनवादक आइक क्विबेकची 'ब्लू अँड सेंटिमेंटल'. ब्लू नोट कंपनीची त्या काळातली मूळ प्रत नव्हे, ती माझ्या ऐपतीबाहेरची आहे. ॲनालॉग टेपवरून काढलेलं, १८० ग्रॅमचं रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती. डिसेंबर १९६१ मध्ये हे रेकॉर्डिंग एंगलवूड क्लिफ्सला ध्वनिमुद्रक व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झालं. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून गाडीने तासाभरावर. ग्रँट ग्रीनची गिटार, पॉल चेंबर्सचा बेस, फिली जो जोन्सचे ड्रम्स. त्यानंतर क्विबेक जेमतेम तेरा महिने जगला. त्याच्या टेनर सॅक्सोफोनमधला तो श्वास मिसळलेला सूर ज्यांनी ऐकलाय, त्यांना मी का हुरळलो हे कळेल.

आणि मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत! रेकॉर्ड विकणाऱ्या याच माणसाकडून आधी दोन रेकॉर्डी घेतल्या होत्या, ३२ आणि ४१ डॉलरच्या. दोन्ही व्यवस्थित पॅक होऊन आल्या. स्वस्तातल्या दोन रेकॉर्डींत विश्वास कमवायचा आणि महागात हात मारायचा, ही रीत मलाही माहीत आहे. तरी माणूस चांगला वाटतो, काय करणार. शिवाय नेहमीसारखा मी कव्हरवर माझं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागितला. दहा मिनिटांत आला.

तो फोटो अजून फोनमध्ये आहे. दिवा डावीकडे. कव्हरची सावली उजवीकडे टेबलावर पडलेली. चिठ्ठीचा एक कोपरा वर वळलेला, आणि त्या कोपऱ्याखाली काहीच नाही. सावली नाही, म्हणजे चिठ्ठी फोटोत नंतर चिकटवलेली. मी तो कोपरा मोठा करून पाहिला. दोनदा. बायकोने विचारलं, "काय बघतोयस एवढं?" मी म्हणालो, "काही नाही." तिथेच, त्याच क्षणी फोन खाली ठेवायला हवा होता. मला दिसलं होतं! पण तेवढ्यात त्याचा मेसेज आला की दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, आणि पेमेंट ॲपवर व्यवहार खरेदी म्हणून दाखवला तर फीचे ७ डॉलर वर द्यावे लागतील, ओळखीतल्यांना पाठवतात तसे पाठवा. ते ७ डॉलर वाचवायला मी खरेदीला मिळणारं १९३ चं संरक्षण सोडून दिलं. कितीही जुनी ओळख असो, असे पैसे पाठवू नका.

पाच दिवसांनी ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड, एडिसन'. माझी टपालपेटी रिकामी. पार्सल खरंच एडिसनमध्ये आलं होतं, पण दुसऱ्याच कोणाच्या पत्त्यावर. टपाल कचेरीतल्या बाईंनी स्क्रीनवर बघून सांगितलं, "तुमच्या पत्त्यावर नाही गेलं." मग तेवढंच लिहून द्या म्हटलं, तर देता येत नाही. पत्ता सांगता येत नाही, तो गोपनीय. पेमेंट ॲपवाले म्हणाले, वैयक्तिक व्यवहारात आम्ही पडत नाही. बँकेने ४७ मिनिटं होल्डवर ठेवून सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांनी सांगितलं, हा दिवाणी मामला, शिवाय माणूस दुसऱ्या राज्यातला. अहो, खोटा फोटो बनवून, दुसऱ्याच्या दारात पार्सल टाकून पैसे उकळले, यात दिवाणी काय आहे? चोरी व्हायला अजून काय घडावं लागतं? तीन आठवडे मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जातोय आणि प्रत्येक जण आधीच्या खिडकीकडे बोट दाखवतोय. हातात आहे फक्त एक तक्रार क्रमांक.

फोटोवर भागवू नका, व्हिडिओ मागा. रेकॉर्ड हातात तिरकी धरून, लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेली अक्षरं दिसतील असा. ट्रॅकिंग नंबर मिळाल्याच्या दिवशीच पार्सलचं वजन बघा. माझ्या पार्सलचं २ औंस होतं. एवढ्या वजनात रेकॉर्ड बसतच नाही, आणि ते मी पाचव्या दिवशी पाहिलं.

त्याने आता खातं बंद केलंय. नव्या नावाने येईलच. तो चिठ्ठीचा फोटो मी पुसलेला नाही. कोणाला त्याच टेबलावरचा, त्याच दिव्याचा फोटो आला तर पैसे पाठवण्याआधी मला दाखवा.