ऑक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मजकुराच्या फायली साफ करणं हे माझं रोजचं काम. कुणाकडून टॅबने विभागलेली यादी येते, कुणाकडून सर्व्हरचा लॉग (नोंदींची फाईल), कुणाकडून अर्धवट भरलेला तक्ता. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत हे सगळं मी पायथनमध्ये करायचो. फाईल उघडा, ओळीमागून ओळ वाचा, तोडा, मोजा, छापा. पंधरा ओळींच्या स्क्रिप्टमधल्या बारा ओळी दरवेळी त्याच. एकदा शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने माझा कीबोर्ड ओढून घेतला, टर्मिनलवर एकच ओळ टाईप केली आणि माझं उत्तर समोर आलं. मला जरा रागच आला. ती ओळ ऑकची (awk) होती, म्हणजे मजकूर ओळीमागून ओळ चाळणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामिंग भाषेची.

भाषा काही नवी नाही. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन यांनी ती लिहिली आणि तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं. लिनक्स असो वा मॅक, कुठली ना कुठली ऑक मशीनवर आधीपासून असतेच, त्यामुळे इन्स्टॉल करण्याची भानगड नाही.

हिची गंमत अशी की फाईल कशी वाचायची हे सांगावंच लागत नाही. आपण फक्त कोणत्या ओळी हव्यात आणि त्यांचं काय करायचं एवढंच सांगायचं. अट आधी, कृती महिरपी कंसात. अट गाळली तर कृती प्रत्येक ओळीवर होते, कृती गाळली तर ओळ जशीच्या तशी छापली जाते. ओळ हातात येते तीच तुकडे होऊन: डॉलर एक म्हणजे पहिला रकाना, डॉलर दोन म्हणजे दुसरा, डॉलर शून्य म्हणजे अख्खी ओळ. एनआरमध्ये ओळीचा क्रमांक, एनएफमध्ये रकान्यांची संख्या. ‘तिसरा रकाना शंभराहून मोठा असेल तर पहिला छाप’ हे मराठीत लिहायला जेवढी अक्षरं लागतात, त्याहून कमी अक्षरांत ऑकमध्ये होतं.

पण मी खऱ्या अर्थाने अडकलो ते हिच्या अ‍ॅरेमध्ये, म्हणजे एका नावाखाली अनेक किमती ठेवणाऱ्या यादीत. अ‍ॅरेचा निर्देशांक आकडाच हवा असं बंधन नाही, कुठलाही शब्द चालतो. आणि चल (व्हेरिएबल) आधी जाहीर करावा लागत नाही: ज्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं, तो रिकामा किंवा शून्य, जसा प्रसंग तसा. यातून सगळ्यात जास्त वापरली गेलेली माझी ओळ निघते. उद्गारचिन्ह, मग सीन (seen) हे अ‍ॅरेचं नाव, चौकटी कंसात डॉलर शून्य, शेवटी अधिक-अधिक. बस. ओळ पहिल्यांदा दिसली तर मोजणी शून्य असते, म्हणून ती छापली जाते. दुसऱ्यांदा दिसली की गाळली जाते. पुनरावृत्त ओळी जातात, आणि सॉर्ट न केल्यामुळे मूळ क्रमही शाबूत राहतो. फोनवर एकाला ही ओळ वाचून दाखवताना मंत्र म्हटल्यासारखं वाटलं होतं.

दोन फायली जुळवायच्या असतील तर एनआर आणि एफएनआर समान आहेत का एवढं बघायचं. पहिला आकडा सगळ्या फायलींमधून चढत जातो, दुसरा प्रत्येक फाईलला नव्याने सुरू होतो, म्हणून दोन्ही सारखे असेपर्यंत आपण पहिल्या फाईलमध्ये आहोत. मात्र पहिली फाईल रिकामी असेल तर ऑक दुसरीलाच पहिली समजते. कुरकुर न करता.

माझी मुख्य तक्रार हीच. ऑक कुरकुर करत नाही.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. एका तक्त्यातल्या चौथ्या रकान्याची बेरीज हवी होती. ऑकने उत्तर दिलं, शून्य. अर्धा तास मी रकाने विभागणारं चिन्ह तपासत बसलो. मग लक्षात आलं की आकडे देवनागरीत होते. ऑकला ‘१२३’ हा आकडा वाटतच नाही, तो साधा शब्द, आणि शब्दाची संख्यात्मक किंमत शून्य. ना चूक दाखवली, ना इशारा दिला. तरी शून्य आलं हे नशीब. पुढच्या फाईलमध्ये निम्मे आकडे देवनागरी आणि निम्मे इंग्रजी होते, तेव्हा बेरीज अगदी खरी वाटेल अशी आली आणि तशीच पुढे गेली.

उपाय सोपा आहे. शून्य ते नऊ असा फेरा फिरवून जीसब या बदली करणाऱ्या फंक्शनने प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी इंग्रजी अंक घालायचा. मी चौथ्या रकान्यावर तो फेरा चालवला, बेरीज जुळली, खूश झालो. पण एखाद्या रकान्याला हात लागला की ऑक अख्खी ओळ पुन्हा बांधते, आणि बांधताना मधे ओएफएसमधलं चिन्ह घालते, जे मुळात एक स्पेस असतं. माझे सगळे टॅब गेले. पुढच्या पायरीवर दोन शब्दांची नावं दोन रकान्यांत फुटली. आता टॅबवाली फाईल असली की फाईल वाचण्याआधी चालणाऱ्या बिगिन भागात एफएस (वाचताना रकाने विभागणारं चिन्ह) आणि ओएफएस दोन्ही टॅब करून टाकतो, गरज असो वा नसो.

मोठ्या बेरजेचंही असंच. १२३४५६७.८९ ही बेरीज नुसत्या प्रिंटने छापली की १.२३४५७ई+०६ असं दिसतं, कारण दशांश संख्या छापताना सहाच सार्थ अंक ठेवायचा मूळ नियम आहे. प्रिंटएफ वापरून दोन दशांश स्थळं मागितली की नीट दिसतं. चलाच्या नावात एक अक्षर चुकलं तर नवा रिकामा चल तयार होतो, म्हणून गॉक या ऑकच्या आवृत्तीत लिंट हा इशारे देणारा पर्याय चालू ठेवलेला बरा.

आणि हो, ऑक एक नाही. गॉक ही ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची, डेबियन या लिनक्सच्या मूळ मांडणीत मॉक, मॅकवर मूळ ऑकचाच वंश. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. यूटीएफ-८ लोकेल (म्हणजे मजकूर यूनिकोडमध्ये आहे असं सांगणारी मशीनची भाषेची मांडणी) असेल तर गॉक पाच सांगते, माझ्याकडची मॉक पंधरा. पहिली यूनिकोडचे वर्ण मोजते, दुसरी बाइट. आपल्या डोळ्यांना दिसणारी तीन अक्षरं कुणीच मोजत नाही. माझ्या मशीनवर नीट चालणारी ‘तीसपेक्षा लांब शब्द काढ’ ही स्क्रिप्ट सर्व्हरवर भलतेच शब्द काढू लागली ती यामुळे. मूळ ऑकमध्ये यूटीएफ-८ ची सोय २०२२ मध्ये कर्निघन यांनी स्वतः घातली, ऐंशी वर्षांचे असताना. मॉक वेगात मात्र भारी आहे, त्यामुळे मोठ्या लॉगसाठी मी तिलाच हाक मारतो, देवनागरीसाठी नाही.

अवतरणांत स्वल्पविराम असलेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने विभागणाऱ्या) फायलींनी पूर्वी छळलं असतं. गॉक ५.३ पासून त्यासाठी वेगळा पर्याय आहे आणि तो चांगला चालतो. जेसनच्या (एकात एक रचलेल्या डेटाच्या फायलींच्या) वाटेला मी ऑक घेऊन जात नाही. पन्नास ओळींच्या पुढे गेलेलं कामही पायथनकडे देतो, कारण फंक्शनमध्ये स्थानिक चल हवा असेल तर ऑकमध्ये तो जास्तीचा पॅरामीटर म्हणून कंसात लिहावा लागतो, आणि बोलावताना ती जागा रिकामी सोडायची. वाचणाऱ्याला कळावं म्हणून मधे चार-पाच स्पेस सोडायची रीत आहे. हे कुणाला सुचलं असेल तेव्हा ठीक असेल, पण मला अजूनही ते बघून हसू येतं.

एक चूक ऑकची नव्हती, माझीच. निकाल त्याच फाईलमध्ये परत वळवला. शेल (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आधी फाईल रिकामी करतं, मग ऑक ती वाचायला जाते. तेव्हाही ऑकने शून्य ओळी वाचल्या, शून्य ओळी छापल्या आणि शांतपणे बाहेर पडली.