अपघटनाचं किट: निम्मे प्रयोग बाटलीतच उरकलेले

सांगलीत घरीच दहावीचा क्लास घेते. अपघटन अभिक्रिया, म्हणजे एकाच पदार्थाचे तुटून दोन किंवा जास्त पदार्थ होणं, शिकवताना दरवर्षी तेच होतं: मुलं समीकरणं घोकतात, पण डोळ्यांनी काहीच बघितलेलं नसतं. म्हणून यंदा ६४९ रुपये घालून प्रयोगांचं किट मागवलं. नाव लिहून कुणाचं दुकान बसवायचं नाहीये.

आधी हायड्रोजन पेरॉक्साइड काढलं. त्याचं पाणी आणि ऑक्सिजन व्हायला उजेडही पुरतो, म्हणून मेडिकलवाले ते गडद बाटलीत देतात. या शहाण्यांनी आरपार दिसणाऱ्या बाटलीत भरलंय! झाकण उघडताना फुस्स झालं. आत बटाट्याचा तुकडा टाकला, तर चार बुडबुडे आले आणि खेळ खलास. सतरंजीवरून आवाज आला, "बाई, ह्याचं आधीच झालंय की!" कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सहा टक्क्यांचं आणलं. पुन्हा बटाटा टाकला, तसा फेस भराभरा वर आला आणि विझत आलेली उदबत्ती आत धरताच तिचं टोक लालभडक झालं.

चुन्याच्या निवळीचीही तीच गत. बूच सैल, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊन निवळी येतानाच दुधाळ. मग तीत वायू सोडून काय दाखवणार, कपाळ? शेवटी पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचं निवळ पाणी अलगद ओतून घेतलं.

काचसामान मात्र चांगलं आहे. परीक्षानळ्या जाड, चिमटा घट्ट, वायू बाहेर नेणारी डिलिव्हरी ट्यूबही नीट बसते. खाण्याचा सोडा तापवला, तर थोड्याच वेळात नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले, निवळी दुधाळ झाली आणि तळाशी उरला तो धुण्याचा सोडा. मुलांनी पुन्हा करायला लावला, आणि तिथेच घात झाला. दिवा बाजूला करायच्या आधी डिलिव्हरी ट्यूब निवळीतून बाहेर काढायची असते. गडबडीत मी दिवा आधी काढला. आतली हवा आकसली, निवळी सरसर उलटी चढली आणि तापलेली परीक्षानळी टचकन तडकली. चूक माझी, पण पत्रकात याबद्दल एक ओळ तरी हवी होती ना?

पत्रक म्हणजे तर कहरच. सोड्याच्या समीकरणात डावीकडे एकच रेणू छापलाय, पाहिजेत दोन. मुलांनी पेनने दुरुस्त केलं. पुढे म्हणे, चुनखडी स्पिरिटच्या दिव्यावर दहा मिनिटं तापवा. अहो, तिला आठ-नऊशे अंशांची धग लागते, उगाच का चुन्याच्या भट्ट्या लावतात? दहा मिनिटांनी खडा होता तसाच, फक्त गरम.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही काचेचे. पेरॉक्साइड बदलून द्या म्हणून फोन केला, तर म्हणाले, "वापरलेली बाटली परत घेत नाही."