लागरसाठी दोन सॉकेटवाला टेंपरेचर कंट्रोलर: डबा चांगलाय, पण प्रोब नीट लावा

आधीच सांगतो, घ्या. टेक्सससारख्या ठिकाणी राहून गराजमध्ये लागर (गारव्यात आंबवून मुरवायची बिअर) करायची असेल तर याच्याशिवाय जमणारच नाही, जुलै-ऑगस्टमध्ये इथलं गराज म्हणजे भट्टी असते आणि लागरच्या यीस्टला हवं असतं १० ते १३ सेल्सियस. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण साधारण हेच मशीन वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि आत फारसा फरक नसतो. ३५-४० डॉलरचं काम आहे. वायरिंग करता येत असेल तर एसटीसी-१००० नावाचं नुसतं पॅनेल अजून स्वस्तात येतं, पण ते स्वतः डब्यात बसवावं लागतं आणि पाण्याच्या कामाजवळ उघड्या वायरी मला तरी नको वाटतात.

चालतं कसं तर भिंतीतल्या प्लगला कंट्रोलर लावायचा, त्याच्या कूलिंगच्या सॉकेटमध्ये डीप फ्रीझर, हीटिंगच्या सॉकेटमध्ये छोटा हीट बेल्ट (भांड्याला गुंडाळायचा गरम पट्टा), आणि लांब वायरचा प्रोब, म्हणजे टेंपरेचर मोजणारं टोक, आत सोडायचा. फ्रीझरचं स्वतःचं बटण सगळ्यात थंडवर ठेवायचं, बाकी करंट चालू-बंद करायचं काम डबा बघतो. फ्रीझर जुना, गोल बटणवालाच बघा हां, डिजिटल पॅनेलवाले काही फ्रीझर करंट जाऊन परत आला की आपोआप सुरू होत नाहीत, मग कंट्रोलर काय करणार बिचारा.

आता खरा मुद्दा, प्रोब. खूप जण तो हवेत लटकता ठेवतात आणि मग रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन लिहितात की टेंपरेचर भलतंच दाखवतो. अरे, तो हवेचं दाखवतोय! यीस्ट जोरात काम करत असतं तेव्हा ते स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे आतलं वर्ट (आंबत असलेलं माल्टचं गोड पाणी) बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश गरम असू शकतं, म्हणजे स्क्रीनवर १२ आणि बिअर १५ ला. शिवाय हवा पटकन थंड होते नि पटकन तापते, त्यामुळे कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद. प्रोब फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या अंगाला, आतल्या पातळीच्या मध्यावर चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि वरून फोमचा जाडसर तुकडा किंवा बबल रॅपच्या तीन-चार घड्या दाबून बसवायच्या, म्हणजे त्याला हवा लागत नाही आणि तो भांड्याचं टेंपरेचर वाचतो. थर्मोवेल (भांड्याच्या आत जाणारी, प्रोब घालायची बंद नळी) असेल तर उत्तमच.

सेटिंग म्हणाल तर मी कूलिंगचा फरक (ठरवलेल्या आकड्यापासून किती सरकल्यावर मशीन सुरू व्हायचं तो) अर्धा अंश ठेवतो, हीटिंगचा एक, आणि कॉम्प्रेसर डिले जितका जास्त देता येईल तितका. हा डिले फार कामाचा आहे, कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतलं प्रेशर समान व्हायला थोडा वेळ लागतो, त्याआधीच परत सुरू झाला तर मोटारवर लोड येतो. आणि घेतल्या घेतल्या बर्फाच्या पाण्यात प्रोब बुडवून बघा, शून्य दाखवायला पाहिजे, नसेल तर कॅलिब्रेशनमध्ये तेवढा फरक टाका.

यीस्ट डब्ल्यू ३४/७० (लागरच्या यीस्टचा एक प्रकार) असेल तर ते बरंच सोशिक आहे, थोडं वरखाली सहन करतं. तरी शेवटाकडे, साखर बरीचशी संपत आली की १६-१८ पर्यंत चढवून दोन-तीन दिवस ठेवायचंच, नाहीतर डायअसिटिल (यीस्टने सोडलेलं लोण्याच्या वासाचं रसायन) राहतं आणि पिल्सनरला (लागरचाच एक प्रकार) पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास येतो. यासाठीच हीटिंगचं सॉकेट पाहिजे, जानेवारीत गराज स्वतःहून १८ ला जात नाही. आपल्याकडे थंडीत इडलीचं पीठ ब्लँकेटमध्ये गुंडाळतात, तेच काम इथे बेल्ट करतो. मग हळूहळू उतरवत दोन-तीन अंशांवर काही आठवडे. उतरवताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतलं) पाणी आत ओढलं जातं, तेवढं सांभाळा.

बव्हेरियात १५५३ मध्ये तर एप्रिल ते सप्टेंबर बिअर बनवायलाच बंदी घातली होती, उन्हाळ्यात नासायची म्हणून, आणि पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे या जर्मन इंजिनिअरची गार करणारी मशीनं म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीत लागली. आपण तेच काम ४० डॉलरमध्ये करतोय, तक्रार करायला तोंड नाही खरं तर.

तरी करतो. बीप भयंकर कर्कश आहे, मॅन्युअलची अक्षरं मुंगीएवढी, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अलार्मही त्याच एका प्रोबवर चालतो. प्रोब निसटून फ्रीझरच्या बाहेर लोंबला तर डब्याला वाटणार गरम आहे, तो थंड करत सुटणार, बिअरचा बर्फ होणार आणि डबा मात्र शेवटपर्यंत म्हणणार गरमच आहे. त्यामुळे आत एक वेगळा स्वस्तातला थर्मामीटर ठेवाच. पाचपैकी चार स्टार.

वायफायवाल्या मॉडेलच्या नादी लागू नका, आठवडेच्या आठवडे नुसती पडून राहणारी बिअर ऑफिसमधून मोबाइलवर बघून काय मिळणार. ते पैसे ओल शोषणाऱ्या डब्यांवर घाला, कारण डीप फ्रीझर दोन अंशांवर चालवला की बर्फ न होता तळाला पाणी साचतं आणि आठवड्याभरात काळी बुरशी धरते.